कौतिकाचं बी

"म्याडम, चप्पल हितंच काढा," भानुदास म्हणाला. "वाडीत चप्पल घालून जात न्हाईत आमच्यात."

वाळू तापायला लागली होती. मी चपला हातात घेतल्या आणि वेलांच्या ओळींतून त्याच्यामागे चालू लागले. पिंपळघाटापाशी गोदावरीचं पात्र एवढं रुंद, की उन्हाळ्यात पाणी पलीकडच्या काठाला धरून एका धारेने वाहतं आणि बाकीची नदी म्हणजे नुसती वाळू. त्या वाळूत चर खणायचे, त्यांत शेणखत भरायचं, पौषात टरबुजाचं बी लावायचं आणि चैत्र सरेपर्यंत कोपी घालून तिथंच राहायचं, ही इथल्या भोयांची पिढ्यानपिढ्यांची डांगरवाडी. मी पहिल्यांदाच बघत होते. वेल पायांत येत होते, पानं टवटवीत होती, आणि तरी पुढे चालणाऱ्या माणसाचे खांदे पडलेले होते.

एका वेलापाशी तो थांबला. वाकला नाही. हातातल्या काठीने नुसतं दाखवलं.

मोठं, हिरवंगार फळ. पण पाठीवर कुणी तेल सांडावं तसा काळपट, ओला डाग पसरलेला आणि डागाच्या मधोमध साल चिरलेली. चिरेतून फेस येत होता.

"अशी किती आहेत?"

"आज धा दिसली तर उद्या पन्नास. पिकायच्या टायमालाच व्हतं. तवर सगळं झ्याक आसतंय."

"कधीपासून?"

 पलीकडच्या ओळीत तण काढत बसलेली एक बाई मान वर करून म्हणाली, "त्याची बायकू गेली तवापासून. कौतिका. रातच्याला फिरती अन् ज्या फळाला हात लावती ते नासतंय."

भानुदास ऐकलं न ऐकलं करून पुढे निघून गेला.

तेव्हा मी विद्यापीठाच्या वनस्पतिरोग विभागात नव्याने लागले होते. तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याने पोत्यात घालून एक फुटकं टरबूज पाठवलं होतं. किन्हीकर सर, आमचे विभागप्रमुख, नाकाला रुमाल लावून म्हणाले होते, "सुमेधा, जाऊन बघून ये. पाण्याचा दोष आहे, खताचा आहे, काय आहे ते." हा डाग मी तोवर फक्त पुस्तकातल्या छायाचित्रात पाहिला होता. जिवाणूंचा रोग. आणि पुस्तकाने त्याच्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगितली होती: हा बियातून येतो. रोगट बी हातात धरलं तरी कळत नाही. बाहेरून ते निरोगी बियासारखंच असतं.

मी वाड्या फिरले. प्रत्येक वाडीच्या कोपऱ्याला काठीवर बिबा आणि मिरच्या टांगलेल्या. एके ठिकाणी हिरव्या बांगड्या ठेवलेल्या, कौतिकाला शांत करायला. सगळीकडे तेच डाग. फक्त पार टोकाला, राघोजी नावाच्या गड्याच्या वाडीत एकही फळ बिघडलेलं नव्हतं.

"आपुन वाडी बांधून घेतलीया," राघोजी मिशीवरून हात फिरवत म्हणाला. चारी कोपऱ्यांना ठोकलेले खिळे त्याने मला दाखवले. "मांत्रिक आनला व्हता. ती हिकडं पाय ठिवत न्हाई."

"बियाणं कुठलं तुमचं?"

"बाजारातलं पाकीट."

"आणि बाकीच्यांचं?"

"त्येंचं ठकूमायकडलं. कौतिकाची माय ती. दरसाल समद्या वाडीला बी वाटती, मूठ-मूठ. माजं न तिचं जमत न्हाई. तिनं दिलं न्हाई, म्या मागितलं न्हाई."

तो आणखी बरंच काही बोलत राहिला. माझं लक्ष त्या शेवटच्या वाक्यावरच अडकलं होतं.

ठकूमायची कोपी पाण्याच्या बाजूला होती. उंच, हाडापेराची बाई, हनुवटीवर गोंदण. तिने मला आत बोलावून घोंगडीवर बसवलं आणि चुलीवर चहा ठेवला. दाराशी एका ताटलीत भाकरी आणि वर कालवण झाकून ठेवलेलं होतं. भानुदासचं असेल असं मला वाटलं.

"ते कौतिकाचं," ती सहज म्हणाली. "भानुदास जेवला मघाच."

मी ताटलीकडे बघितलं. "माय, तुम्ही—"

"माय म्हनतीस आन् तुमी म्हनतीस? माय काय परकी आसती व्हय?"

मग चहा गाळता गाळता तिने आपणच सांगितलं. ते सांगायला तिला काही वाटत नव्हतं. उलट कुणीतरी नवं माणूस ऐकणारं मिळालं, याचाच आनंद दिसत होता.

"चार-पाच सालं झाली, असाच चैत व्हता. हितं लख्ख ऊन पडलेलं, आन् वर कुटं तरी अवकाळी झाला. आमाला काय ठावं? नदी आली ती एकदम आली. समदे लेकरंबाळं घिऊन काठाला पळाले. बियाला धरलेली फळं वाळूतच ऱ्हायली. कौतिका म्हनली, पुढल्या साली पेरायचं काय? माज्या आजीच्या आजीपासून ह्येच बी चालत आलंय बघ, साल पातळ आन् गर रक्तावानी. तर ती गेली माघारी. भानुदास होडी घिऊन मागं. हिनं येक-येक फळ उचलून त्याच्या होडीत टाकलं. शेवटलं टाकलं आन् तिच्या पायाखालची वाळूच गेली."

चूल फुरफुरली. तिने लाकूड मागे ओढलं.

"सापडली नाही?"

"न्हाई. म्हनून तर म्या तिचा दहावा करू दिला न्हाई. जातीतले लई बोलले. भानुदासला दुसरी करून द्याया निघाले. म्या म्हनलं, मानूस दाखवा, मग करा दहावा."

"लोक म्हणतात ती फिरते म्हणून—"

"फिरती की." ठकूमाय हसली. तसं हसू मी त्यानंतर कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही. "लोकं भितेत तिला. म्या कशाला भिऊ? सकाळच्याला टरबुजाला डाग दिसला, की म्या समजती, येऊन गेली रातच्याला. येती तर खरं. वाडीची आठवन हाय तिला."

मी चहा संपवला. मग बी मागितलं. तपासायला हवं, एवढंच म्हणाले. तिने कोपीच्या आढ्याला टांगलेला भोपळा खाली घेतला, राख झटकली आणि माझ्या रुमालात ओंजळभर काळं, चकचकीत बी ओतलं.

"पेर तुमच्या इद्यापीठात," ती म्हणाली. "कौतिकाचं बी म्हनून सांग समद्यास्नी."

विद्यापीठात मी ते पेरलंही. उकळून घेतलेली वाळू दोन ट्रेंमध्ये भरली. एकात ठकूमायचं बी, दुसऱ्यात राघोजीकडून आणलेलं पाकिटातलं. वरून प्लास्टिकचा कागद ताणून बांधला, म्हणजे आत ऊब आणि दमटपणा राहावा. रोग लपलेला असेल तर अशाच हवेत तो डोकं वर काढतो.

ठकूमायचं बी आधी उगवलं. एवढे जोमदार कोंब, की शेजारच्या ट्रेमधले त्यांच्यापुढे मरतुकडे वाटावेत. मी रोज सकाळी कागद उचलून बघायची आणि डाग दिसला नाही, की बरं वाटायचं. आपल्याला बरं का वाटतंय, हे मी स्वतःला विचारत नव्हते.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी कागद उचलला तर चार-पाच रोपांच्या पहिल्या जाड पानांवर ओलसर ठिपके आलेले होते. उजेडाकडे धरलं की तेलकट कागदातून दिसावं तसं आरपार दिसत होतं. पाकिटातल्या बियाची रोपं शेजारी स्वच्छ उभी होती.

ठिपक्याचा कडेचा बारीक तुकडा ब्लेडने कापला, काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी नुसता पानाचा हिरवा काठ दिसला. मग त्या काठातून धूर निघायला लागला. शांतपणे, न थांबता, विझलेल्या चुलीतून निघावा तसा. धूर नव्हे, जिवाणू ते, लाखोंनी. पुस्तकात हे असंच लिहिलेलं आहे. तरी मी डोळा काढून मागे बघितलं, खोलीत आपल्याखेरीज कुणी आलंय की काय म्हणून.

खात्रीसाठी ते जिवाणू वेगळे काढून वाढवले, निरोगी रोपांना लावून पाहिले. त्यांनाही तेच डाग आले. आता शंका उरली नव्हती.

"अहवाल टाइप करून तालुक्याला पाठव," किन्हीकर सर म्हणाले. "बी नष्ट करा, नवं आणा. दोन ओळींचं काम आहे."

"सर, मी स्वतः जाऊन सांगते."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते बी कुणाचं आहे?"

"एका बाईच्या मुलीचं."

 जीपची चावी त्यांनी स्वतः मागवून दिली.

पिंपळघाटात हंगाम सरत आला होता. निम्म्या वाड्यांवर नासक्या फळांचे ढीग पडले होते आणि त्यांच्यावर माश्या घोंगावत होत्या. काठावर भानुदासच पहिल्यांदा भेटला. उभ्या उभ्याच मी त्याला सगळं सांगितलं. बियात रोग आहे, डोळ्यांना न दिसणारा. वेल वाढतो, फळ धरतं, आणि पिकायला आलं की रोग वर येतो. पाण्याच्या शिंतोड्यांनी एकाचा दुसऱ्याला लागतो. ज्याने हे बी पेरलं नाही त्याची वाडी चांगली राहिली.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग फार हळू विचारलं, "म्हंजी ती न्हाई?"

"कोण?"

"कौतिका. ती न्हाई करीत हे?"

"नाही हो. रोग आहे हा."

तो मटकन वाळूत बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या खांद्यांकडे बघवेना, म्हणून मी नदीकडे बघत राहिले. मग तो म्हणाला, "मला वाटायचं माज्यावर राग हाय तिचा. होडीत व्हतो मी. हात दिला आस्ता तर... पन होडी भरली व्हती फळानं. ती म्हनली, तू व्हय फुडं. म्या झालो फुडं." त्याने तोंड पुसलं. "इतकी सालं राती कोपीभायेर पाय टाकला न्हाई म्या. भेव वाटायचं, समोर आली तर काय सांगू."

ठकूमायला सांगताना तोही कोपीच्या दारात उभा राहिला.

ती फळं निवडत बसली होती. मी जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. हातातलं फळ मांडीवर घेऊन ती ऐकत राहिली.

"माय, एक विचारू? त्या साली होडीतून जी फळं आली, त्यांत एखादं असं डागाळलेलं होतं का?"

"व्हतं की," ती लगेच म्हणाली. "दोन-तीन व्हती चिरलेली. येक तर पार नासलेलं, वास मारीत व्हतं."

"बियाला तुम्ही सगळे नेहमी निवडून धरता ना? नासकं टाकून देता?"

"टाकतोच. नासक्याचं बी कुनी धरतंय व्हय?" असं म्हणाली आणि थांबली. मांडीवरचं फळ तिने खाली ठेवलं. बोलली तेव्हा आवाज निराळाच होता. "त्या साली न्हाई टाकलं. तिनं हातानं उचलून दिलेलं. म्या त्यातलं कायी म्हंजी कायी टाकलं न्हाई. समद्याचं बी येकात मिसळलं."

दारात भानुदासने मान खाली घातली.

"मग म्याच वाटला रोग," ठकूमाय म्हणाली. "घरोघर जाऊन. मुठी भरभरून."

"तुला कसं कळणार होतं, माय? हे कुणालाच नुसत्या डोळ्यांनी कळत नाही."

"त्ये ऱ्हाऊ दे." तिने हात झटकला. "मला येक सांग. रातच्याला येऊन हात लावती, त्ये खोटं?"

मी होकाराची मान हलवली.

"म्हंजी ती आलीच न्हाई? येकदा बी?"

 हा प्रश्न मला विचारला जाईल, हे जीपमध्ये बसल्यापासून मला माहीत होतं. उत्तर मात्र वाटेत कुठेच सापडलं नव्हतं.

"औषिद आसंल की त्याला," ती थोड्या वेळाने म्हणाली. "बियाला कायी लावायचं, धुवायचं."

"गरम पाण्याचा उपाय आहे. पण त्यात बरंच बी मरतं, आणि रोग पुरता जाईल याचा भरवसा नाही. एखाद्या बियात राहिला तरी पुन्हा सगळीकडे पसरेल." मग मला राहवेना. "फेकून देऊ नकोस, माय. आठवण म्हणून ठेव. पेरायचं नाही, इतकंच."

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"पेरायचं न्हाई, त्ये बी कशाचं गं?"

मी निघाले तेव्हा ती कोपीतून बाहेर आली नाही.

वैशाखात भानुदासचा निरोप आला. मायने बोलावलंय, एवढाच. मी दुपारी पोचले तर वाड्या मोडायला झाल्या होत्या. वेल उपटून जाळलेले, अर्ध्या कोप्या उतरवलेल्या. आणि सगळी भोयांची माणसं नदीकाठी जमलेली. भानुदास दिसला तो क्षणभर मला ओळखूच आला नाही. त्याने डोई-मिशी भादरलेली होती. पाण्याकडेला पिंड ठेवलेला होता आणि कावळा शिवून गेला होता.

"लगीच शिवला," एक म्हातारा माझ्या कानाशी पुटपुटला. "वाटच बघत आसंल बिचारी."

जरा वरच्या अंगाला तीन दगडांची चूल पेटली होती. ठकूमाय तिच्यापुढे बसून लोखंडी तव्यात बी भाजत होती. शेजारी भोपळा उपडा पडलेला. आधल्या दिवशी ती घरोघर फिरून वाटलेल्या बियातलं उरलंसुरलं परत मागून घेऊन आली होती, असं मला बायकांनी सांगितलं. कुणाच्या डब्यातलं, कुणाच्या पदराच्या गाठीतलं, दाणा न दाणा. ज्या दारात ती कधी पाय ठेवत नव्हती त्या राघोजीच्या दारातही गेली होती, चुकून कुठून आलं असेल तर दे म्हणाली होती.

बी तडतडत होतं. खमंग वास सुटला होता. ती उलथण्याने सारखं हलवत होती, एकही दाणा कच्चा राहू नये म्हणून. मीठपाण्याचा हबका मारला की वाफेत तिचं तोंड दिसेनासं व्हायचं. ती रडत नव्हती.

मग ती उठली आणि ओळीने वाटायला लागली. आधी लेकरांना, मग बायांना, मग गड्यांना. राघोजीपुढे आली तेव्हा त्याने दोन्ही हात पुढे केले.   सगळेजण उभ्यानेच बी सोलत, खात राहिले. नदीकाठी तेवढाच आवाज होता, दातांखाली साल फुटल्याचा.

माझ्या ओंजळीत तिने गरम बी ओतलं.

"खा," ती म्हणाली. "तुला इखाराचं वाटत न्हाई न्हवं?"

"नाही माय. माणसाला काही होत नाही त्याने. आणि भाजल्यावर तर त्यात काहीच जिवंत राहत नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. तिने मात्र शांतपणे मान डोलावली. "व्हय. भाजलं म्हंजी ऱ्हात न्हाई."

मी एक दाणा सोलला. गर गोडसर लागला.  तिच्यादेखत मी सगळी ओंजळ संपवली.

पुढच्या साली सगळ्यांनी तपासलेलं बी पेरलं. ते मीच बघून दिलं होतं, प्रत्येक पिशवीतलं थोडं ट्रेमध्ये उगवून. चैत्रात भानुदासने खास निरोप पाठवून बोलावलं. दुपारी पोचून सगळ्या वाड्या बघेपर्यंत संध्याकाळची उन्हं उतरली होती. काठावर दोन ट्रॅक्टर भरायला लागलेले, लेकरं टरबुजाच्या फाका खात वाळूत लोळत होती. मिरच्या-बिब्यांच्या काठ्या कुठे दिसत नव्हत्या. भानुदासच्या अंगावर थोडं मांस आलं होतं. लग्न ठरत होतं त्याचं. ठकूमायनेच पोरगी बघून दिली होती.

"माय कुठंय?"

त्याने हाताने दाखवलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "रोजच जाती या टायमाला. तुमी सांगून बगा."

ती पार आत होती, वेलांच्या मध्ये. एका फळापाशी वाकली, ते हलकेच उलटं केलं, चहूकडून बघितलं, परत जागेवर ठेवलं. पुढच्या फळाशी गेली. पुन्हा तसंच. मी जवळ जाईपर्यंत तिला माझी चाहूल लागली नाही.

"काय बघतेस, माय?"

"कायी न्हाई." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. गेल्या सालापेक्षा पुष्कळ वाकलेली वाटली. "समदी निर्मळ हायेत. न्हाई?"

"हो. यंदा एकही खराब नाही."

"डाग न्हाई कुटंच."

"नाही."

"लोकं लई खूस हायेत," ती म्हणाली. "भानुदास रातचा भायेर खाट टाकून निजतोय आता. चांगलं झालं." तिची नजर माझ्यावर नव्हतीच, वाळूत दूरवर पसरलेल्या वेलांवरून फिरत होती. "म्या त्या पल्याडच्या अंगाला आजून गेली न्हाई. पान्याकडच्या. तिकडं येखांदा आसंल बारकासा डाग."

तिकडची फळं मी दुपारीच बघून आले होते. स्वच्छ होती सगळी.

"असेल," मी म्हणाले.

ती पुढे झाली. मी ओढणी कमरेला खोचली आणि तिच्या शेजारच्या ओळीत वाकून एकेक फळ उलटून बघू लागले.